मोरिवलीत सागराचा गोटा कुठून आला?

प्रश्न : आजेसासूबाईंचा पितळी डबा परवा माळ्यावरून काढला. वेखंड, मायफळ, मुरडशेंग, हळकुंड यांच्या जोडीला त्यात दोन राखाडी, गुळगुळीत गोटे निघाले. सासूबाई म्हणाल्या, ‘हा सागरगोटा, समुद्रातून येतो. बाळगुटीत एक वेढा उगाळायचा.’ सातवीतला मुलगा म्हणाला, हा तर दगड आहे, बाळाला दगड कशाला उगाळून देता? दोन दिवसांनी तोच औद्योगिक वसाहतीच्या मागच्या एका जुन्या कुंपणावरून हात ओरबाडून घेत एक काटेरी शेंग घेऊन आला. शेंगेत तेच दोन गोटे! समुद्र इथून किती लांब. मग सागरगोटा मोरिवलीत कसा? तो खरंच औषध आहे का? आणि मुलाला तो लावायचा आहे, उगवेल का?
— एक वाचक भगिनी, मोरिवली (अंबरनाथ)

उत्तर : ताई, आधी डब्यातला गोटा कानाशी धरून हलवा. जुना असेल तर आत काहीतरी खुळखुळेल. तो आतला गर. वर्षानुवर्षांत तो वाळतो, आक्रसतो, कवचापासून सुटतो आणि बीचा खुळखुळा होतो. मुलालाही ऐकवा. त्याने त्याला दगड म्हटलं यात नवल नाही. आपल्या पूर्वजांनी नावातच ‘गोटा’ घातला आहे. पण त्याला शेंग सापडली आणि त्याने ती उघडून पाहिली. माझ्या वहीत त्याला पैकीच्या पैकी गुण.

सागरगोटा म्हणजेच गजगा. चिंच, गुलमोहोर, टाकळा यांच्या गोतातली ही वेल. संस्कृतात ती लताकरंज किंवा कुबेराक्षी. जुन्या पुस्तकांत शास्त्रीय नाव सीसॅल्पिनिया बाँडक असं सापडेल. सीसॅल्पिनिया ही मोठी प्रजाती २०१६ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी विभागली तेव्हापासून ती पुन्हा गिलँडिना बाँडक झाली. ‘पुन्हा’ अशासाठी की लिनियसने १७५३ साली तिला हेच नाव दिलं होतं. त्यातला ‘बाँडक’ हा शब्द मला फार आवडतो. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, गोल कवचाचं फळ. त्यावरून अरब हकीम आपल्या सागरगोट्याला ‘हिंदी बुंदुक’ म्हणत. त्याच बुंदुकवरून गोल गोळीला आणि मग गोळी झाडणाऱ्या हत्याराला नाव पडलं. आपली बंदूक आणि वेलीचं शास्त्रीय नाव, दोन्ही एकाच बीतून निघालेली आहेत.

वेल ओळखण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या भागात काटेरी वेली बऱ्याच आहेत आणि गल्लत होते. मलंगगडाच्या बाजूला किंवा बदलापूरच्या पुढे रानात चिल्हार दिसते. तिचेही काटे मागे वळलेले, फुलंही पिवळी. पण तिची शेंग गुळगुळीत असते, टोकाला चोच आलेली. वाघाटी वेगळी. तिचं फळ आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला भाजीत घालतात. तिची पानं साधी, एकेरी. सागरगोट्याचं पान हातभर लांब, दोनदा विभागलेलं, पिसासारखं, आणि पानाच्या दांड्याच्या खालच्या बाजूलाही आकडीसारखे काटे. हात आत सहज जातो, बाहेर येताना अडकतो. तुमच्या मुलाला हे आता सांगावं लागणार नाही. दांडा खोडाला जिथे जोडला जातो तिथे दोन बाजूंना छोट्या पानांसारखे फाटे असतात, ही सगळ्यांत पक्की खूण. शेंग बोटभर लांब, फुगीर, अंगभर ताठ काट्यांची. वाळली की तोंड उघडते, आणि शिशाच्या रंगाच्या एक-दोन बिया आत कितीतरी दिवस तशाच चिकटून राहतात. बी उजेडात निरखून पाहा. गुळगुळीत वाटणाऱ्या सालीवर एकात एक वर्तुळांच्या केसाएवढ्या रेषा दिसतील.

आता समुद्राबद्दल. सासूबाई म्हणतात ते खरंच आहे. ही मुळात किनाऱ्याची वेल. भरतीची रेघ संपते, मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते, तिच्या मागे केवड्याच्या बनाच्या आधाराने सागरगोटा वाढतो. कोकणातच नाही, उष्ण कटिबंधातल्या जवळजवळ सगळ्या किनाऱ्यांवर, आफ्रिकेत, पॅसिफिकच्या बेटांवर, कॅरिबियनमध्ये. एवढ्या दूरदूरच्या किनाऱ्यांवर तीच वेल कशी, याचं उत्तर तुम्ही कानाशी ऐकलंत त्या खुळखुळण्यात आहे. गर आणि कवच यांच्यात पोकळी आहे, पोकळीत हवा आहे, आणि कवच असं की खारं पाणी आत शिरत नाही. असं बी लाटांवर महिनोन्‌महिने राहतं, कुठेतरी वाळूला लागतं, आणि तिथे पाऊस मिळाला तर रुजतं. बियांमध्ये फरक असतो हे मात्र लक्षात ठेवा. जिच्यात पोकळी कमी ती बुडते. मुलाला पेल्यात मिठाचं पाणी करून द्या आणि डब्यातला गोटा आणि कुंपणावरचा गोटा दोन्ही सोडून पाहायला सांगा.

ही बी जिथे उगवूच शकत नाही अशा थंड किनाऱ्यांवरही वाहत जाते. कॅरिबियनकडून निघालेल्या बिया गल्फ स्ट्रीमबरोबर स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांना लागतात. मार्टिन मार्टिन या तिथल्याच लेखकाने १७०३ साली त्या बेटांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात तो लिहितो की समुद्रातून येणारी ही ‘मोलुका’ बी लोक दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधतात, पांढरट रंगाची तर खास, आणि मुलाचं कुणी वाईट चिंतलं तर ती काळी पडते अशी त्यांची समजूत आहे. ती पांढरट-राखाडी बी म्हणजे बहुधा आपला सागरगोटाच. त्या आयांनी त्याची वेल कधी पाहिली नव्हती. समुद्राने आणून दिलेला एक गोटा, आणि तो बाळाच्या जवळ ठेवावासा वाटला. तुमच्या आजेसासूबाईंच्या डब्यातही तो बाळाच्याच वस्तूंमध्ये होता.

मग मोरिवली? रेल्वेच्या हिशेबाने अंबरनाथ मुंबईच्या सीएसएमटीपासून ६० किलोमीटरवर. भरतीचं पाणी उल्हास नदीतून कल्याणपर्यंत येतं, त्याच्या वर नाही. त्यामुळे सागराने हा गोटा तुमच्यापर्यंत आणलेला नाही, हे नक्की. आणला तो बहुधा माणसाने. कल्याण हे फार जुनं बंदर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. किनारा आणि घाटमाथा यांच्यामधली ही वाट दोन हजार वर्षं वाहती राहिली, आणि असं बी कमरेच्या पिशवीत सहज मावतं. देशावर, पार विदर्भापर्यंत गजगा पोचला तो असाच असावा. शिवाय तारेचं कुंपण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निघालं. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं आपला शेतकरी गुरांपासून पीक राखायला निवडुंग, शेर, चिल्हार, सागरगोटा असंच काहीतरी बांधावर लावत असे. सागरगोट्याचं कुंपण एकदा दाट झालं की रेडाही आत घुसत नाही. त्यातून घरच्या बाळगुटीचं बी मिळे, पोरांना खेळायला गोटे मिळत. तुमच्या मुलाला वेल सापडली ती जागा कारखाने यायच्या आधी कुणाच्या तरी भातखाचराचा बांध असावी, असं मला वाटतं. गावातल्या सत्तरीपुढच्या एखाद्या आजोबांना विचारून पाहा आणि मला कळवा. हे सांगू शकणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत.

आणि एक गंमत. समुद्राकडून मोरिवलीला बी येऊ शकत नाही, पण मोरिवलीहून समुद्राकडे जाऊ शकतं. वालधुनी नदी तुमच्या भागातल्या डोंगरातून निघून १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते, पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला. पावसाळ्यात ओढ्यात पडलेला एखादा तरंगणारा गोटा या वाटेने खाडीपर्यंत जाईल. वालधुनीचं पाणी आज ज्या रंगाचं आणि वासाचं वाहतं ते पाहून जीव तुटतो. पण सागरगोट्याचं कवच त्या पाण्यालाही आत घेणार नाही.

औषधाचा प्रश्न. इथे मला सावकाश लिहायला हवं, कारण या बीबद्दल खूप काही सांगितलं जातं आणि सगळं सारख्या वजनाचं नसतं.

कवच फोडलं की आत पिवळसर पांढरा, अतिशय कडू गर मिळतो. कवच इतकं टणक की वैद्य बी निखाऱ्यात भाजून घेत. भाजल्यावर ते तडकतं. हा गर पोटशूळ, जंत आणि थंडी वाजून येणारा ताप या तीन गोष्टींसाठी आपल्याकडे पूर्वीपासून वापरात आहे. अंडवृद्धीवर एरंडाच्या पानाबरोबर त्याचा लेप देत. पोटदुखीवरच्या कुबेराक्षादि वटीत आजही तोच असतो. तापावरचा उपयोग इंग्रज डॉक्टरांनीही हेरला. कोयनेल महाग होतं, सिंकोनाची लागवड निलगिरीत नुकती कुठे सुरू झाली होती, आणि हिवताप तर गावोगाव. १८६८ साली निघालेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त सागरगोट्याच्या गराचं चूर्ण आणि काळ्या मिरीचं चूर्ण समभाग, असं एक अधिकृत औषध दिलेलं आहे. आपल्याकडच्या आज्याही पोटदुखीला तो मिऱ्याबरोबरच देत. डास आणि हिवताप यांचं नातं रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवलं ते १८९७ साली, म्हणजे या नोंदीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

पुढचा टप्पा आपल्याच काळातला. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८०मध्ये हिवतापासाठी ‘आयुष-६४’ ही गोळी तयार केली. सातविणीची साल, कुटकी, चिराईत आणि सागरगोट्याचा गर, असे तिचे चार घटक. पहिल्या तिघांच्या अर्काचा एकेक भाग आणि सागरगोट्याच्या चूर्णाचे दोन. एप्रिल २०२१मध्ये आयुष मंत्रालयाने हीच गोळी कोविडच्या लक्षणं नसलेल्या, सौम्य आणि मध्यम रुग्णांसाठी नेहमीच्या उपचारांबरोबर पुढे आणली. तुमच्या घरातही त्या दिवसांत ती कुणी घेतली असेल. तेव्हा तुम्ही सागरगोटाच खाल्लात.

पण हिवतापावर ती कितपत चालते? सन २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत व्हायवॅक्स हिवतापाच्या रुग्णांपैकी क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे झाले; आयुष-६४ घेतलेल्यांपैकी जेमतेम निम्मे. या बीवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हा आकडा मी गाळणार नाही. गोळीत काहीतरी आहे, हे निम्म्या लोकांनी दाखवलं. उरलेल्या निम्म्यांना दुसरं औषध लागलं. हिवताप अंगावर काढायचा आजार नाही. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा आणि डॉक्टर सांगतील ती गोळी पुरी करा. मधुमेहासाठी सागरगोट्याचं चूर्ण हल्ली सर्रास विकलं जातं. साखरेची गोळी चालू असताना ते आपल्या मनाने घेऊ नका. दोन्ही मिळून साखर फार उतरली तर चक्कर येऊन पडायला होतं. गरोदरपणातही वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

आता बाळगुटी. सहाणेवर दुधाचे दोन थेंब घालून एकेका वस्तूचा वेढा उगाळायचा, बाळाची तक्रार काय आहे ते पाहून एखादी वस्तू वाढवायची किंवा वगळायची, हे मी माझ्या आजीला करताना पाहिलं आहे. पोट गच्च झालं असेल तर सागरगोटा आणि मुरडशेंग एकेक वेढा जास्त. ती बाळाच्या रडण्यावरून ओळखायची. त्या हाताला आणि त्या डोळ्याला मी नमस्कारच करते. तरीही आजच्या आईला मी सांगेन की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला पाळा. सहाण कुठे ठेवलेली असते, तिच्या फटीत काय साचतं, डब्यातलं मायफळ किती वर्षांचं आहे, हे आपल्याला दिसत नाही, आणि तान्ह्या बाळाचं आतडं ते सहन करू शकत नाही. पुढेही द्यायचं असेल तर बाळाला तपासणाऱ्यांना विचारून. डबा मात्र टाकून देऊ नका.

नावाचीही गल्लत होते. याच आठवड्यात उल्हासनगरच्या एका वाचकांनी कळवलं की काष्ठौषधीच्या दुकानात ‘करंज’ मागितलं तर चपटं, तांबूस बी मिळालं. दुकानदाराने ते बरोबरच दिलं आहे. करंज हा वेगळा वृक्ष. त्याच्या बियांचं तेल त्वचारोगांवर लावतात, दिव्यात घालतात. सागरगोटा हवा तर सागरगोटा किंवा गजगा असंच मागायचं. करंज नाव घेऊन लताकरंज घरी येत नाही. त्या वाचकांच्या घरी हिंदीही बोलली जाते, म्हणून त्यांच्यासाठी एक भर : हिंदीत सागरगोटा म्हणजे कंजा, आणि आपण ज्यांना घारे म्हणतो त्या राखाडी छटेच्या डोळ्यांना हिंदीत ‘कंजी आँखें’ म्हणतात, ती या बीवरूनच. आपण डोळ्यांचा रंग घारीकडून घेतला, त्यांनी सागरगोट्याकडून. संस्कृतातल्या कुबेराक्षीतही डोळाच आहे. पार्वतीकडे पाहिल्यामुळे कुबेराचा एक डोळा गेला आणि पिंगट झाला, अशी रामायणातली कथा. त्याचं एक नावच एकाक्षिपिंगल. वाळलेल्या, फाकलेल्या शेंगेत बसलेली ती राखाडी बी समोरून पाहा, पापण्यांमधून कुणी बघत असल्यासारखी दिसते.

खेळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सोडून मला पुढे जाववत नाही. शेणाने सारवलेल्या ओटीवर आम्ही बहिणी दुपारभर सागरगोटे खेळायचो. पाच गोटे जमिनीवर टाकायचे, एक उचलून वर उडवायचा, तो खाली यायच्या आत एक उचलायचा आणि उडवलेला झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. शेवटी सगळे तळहातावरून उडवून उलट्या पंजावर झेलायचे, जितके राहतील तितके गुण. खडे खेळणं सोपं, ते टाकले तिथे थांबतात. सागरगोटा घरंगळतो. म्हणून टाकतानाच मनगट हलकं ठेवावं लागतं, आणि ते मनगट एकदा जमलं की जन्मभर विसरत नाही. त्याचा एकमेकांवर आपटण्याचा टक् टक् आवाज मला आजही दुपारच्या झोपेत ऐकू येतो. भाऊ वेगळा उद्योग करायचे. गोटा फरशीवर जोरजोरात घासायचे आणि तापला की दुसऱ्याच्या दंडाला लावायचे, चांगला चटका बसायचा. हे मुलाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

उरला लावण्याचा प्रश्न. उगवेल, पण नुसता मातीत पुरला तर वर्षभर वाट पाहत बसाल. ज्या कवचाने समुद्र बाहेर ठेवला ते कुंडीतलं पाणीही बाहेरच ठेवणार. डब्यातल्या जुन्या बिया राहू द्या. या वर्षीची कुंपणावरची घ्या. बीवर जिथे देठाची खूण आहे त्याच्या विरुद्ध बाजूला लोखंडी कानशीने घासत जा. राखाडी थर, मग तपकिरी, आणि त्याच्या आत पांढरा ठिपका दिसला की थांबा. गर दुखवायचा नाही. हे काम मोठ्यांनी चिमट्यात बी धरून करावं, बी निसटते. मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. फुगली तर पाणी आत गेलं. न फुगलेली पुन्हा थोडी घासा. बोटाच्या पेराइतकी खोल, निचऱ्याच्या मातीत, खूण केलेल्या पिशवीत लावा. पावसाच्या सुरुवातीला लावलीत तर उत्तम.

रोप वीतभर झालं की पिशवीतून हलवा. ही वेल दहा-पंधरा मीटरही पसरते, गच्चीत किंवा खिडकीच्या जाळीवर तिला जागा देऊ नका. गावाकडे किंवा एखाद्या शेताच्या बांधावर, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब लावा. छाटताना कातडी हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, आणि अडकलात तर हात मागे ओढू नका. आधी पुढे सरकवायचा, मग काटा सुटतो.